विष आत कसं शिरतं याची दंडार

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी नागपूरहून बालाघाटला परत आलो तेव्हा माझ्यापाशी दोन गोष्टी होत्या: अर्धवट राहिलेला प्रबंध आणि भरपूर राग. प्रबंध घटसर्पाच्या विषावर होता. घटसर्पाचा जंतू घशातच ठाण मांडून बसतो, पण त्याचं विष रक्तातून हिंडतं आणि कुठल्याकुठल्या पेशींमध्ये शिरतं. कसं शिरतं, एवढंच मी तीन वर्षं पाहत होतो. राग कोणावर होता ते आता नीट सांगता यायचं नाही. बहुतेक सगळ्यांवर.

वडील कचेरीतून नुकतेच निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "तीन वर्षं काय केलं?"

"विष पेशीत कसं शिरतं ते पाहिलं."

"मंग शिरलं काय?"

"शिरतं. पण नेमकं कसं, ते अजून..."

"शिरलं ना? मंग झालं." त्यांनी ताकाची वाटी तोंडाला लावली. माझ्या संशोधनावर आमच्या घरात झालेली एवढीच चर्चा.

त्या दिवाळीत भाऊबीजेला ताई आली. ताई लामत्याजवळच्या एका गावात नर्स होती, छोट्या लाइनच्या गाडीनं यायची आणि आली की घरातल्या प्रत्येकाची जीभ बाहेर काढून बघायची. मला ओवाळून झाल्यावर म्हणाली, "मले ओवाळणी नको. आमच्या गावच्या मंडईत दंडार असते, त्यात या साली तुझं ते विष घालून दे."

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. शिंगाडे, ऊस, जिलेबी, पाहुणेरावळे, आणि भर दुपारी मोकळ्या मैदानात दंडार. नाच असतो, गाणी असतात, सोंगं असतात आणि बायांची कामंही मिशा काढलेले पुरुषच करतात. तिथे माझं विष? मी भडकलो. मी म्हटलं, ताई, हे शास्त्र आहे. ती म्हणाली, "शास्त्रच आहे, म्हणून तर तुले विचारून राह्यली. नाहीतर आम्ही राक्षस घालून भागवलं असतं."

मग तिनं खरं काय ते सांगितलं. आदल्या हिवाळ्यात त्या गावात गलघोटूनं, म्हणजे घटसर्पानं, दोन वर्षांची एक मुलगी गेली होती. दंडारीच्या म्होरक्याची नात. आता तिच्या पाठीवर मुलगा झाला होता, पाच महिन्यांचा. ताईनं त्याला त्रिगुणी लशीची पहिली सुई दिली आणि लेकराला दोन दिवस ताप आला. तेव्हापासून त्याची आई दुसऱ्या सुईला नाही म्हणत होती. सुया तीन लागतात. एकीवर भागत नाही.

"मी चारदा जाऊन आली तिच्याकडे," ताई म्हणाली. "ती म्हणते, बाई, एक गेली. आता याचं अंग गरम झालेलं माह्यानं पाह्यलं जात नाही. यावर मी काय बोलू?"

"सासऱ्याला, म्हणजे त्या म्होरक्याला, पटतं ना? मग त्यानं सांगावं सुनेला."

"सासरा सुनेशी बोलत नाही."

"भांडण आहे?"

"भांडण काहून राहीन? रीत आहे. तो घरात शिरताना खाकरतो, ती पदर ओढून भिंतीकडे तोंड करते. लग्न होऊन सहा वर्षं झाली, एक शब्द नाही. सासू होती तोवर तिच्यामार्फत चालायचं, ती वारली. नवरा मलाजखंडच्या खाणीत कामाला, महिन्यातून एकदा येतो आणि बायकोच्या शब्दाबाहेर नाही. मंडईच्या दुसऱ्या दिवशी माझं लसीकरण आहे. त्या लेकराला दुसरी सुई पडलीच पाहिजे. सगळ्या बाया दंडार पाहायला येतात, तीही येईल. बस, आता तू जाण आणि तुझं विष."

मी गेलो. मंडईला बारा दिवस होते.

म्होरक्या साठीचा, काडीसारखा बारीक, पण चालताना अशी ऐट की गावातली कुत्रीसुद्धा बाजूला व्हायची. दंडारीत तो चाळीस वर्षं सोंगं काढत होता आणि पंचक्रोशीत त्याच्याइतकं कोणी हसवत नसे. त्यानं सगळ्या मंडळींना खळ्यावर जमवलं, मला खाटेवर बसवलं आणि म्हणाला, "सांगा, बाईचे भाऊ. आमाले समजन असं सांगा, अन् समजलं नाई त आमी इचारू."

मी सांगितलं. विष म्हणजे दोन भावांची जोडी. एक धरणारा, एक मारणारा. पेशी म्हणजे घर, आणि घराभोवती तेलाची पातळ भिंत. पाण्यातली वस्तू त्या तेलातून सहसा जात नाही, म्हणून विषाला सरळ घुसता येत नाही. पण भिंतीला बाहेरून कड्या असतात, पेशीनं स्वतःच्या कामासाठी लावलेल्या. धरणारा भाऊ त्यातली एक कडी धरतो. पेशीला वाटतं, काही कामाचं आलं. ती दोघांनाही एका फुग्यात गुंडाळून आत ओढून घेते.

"म्हंजे घुसला ना आत?" एकानं विचारलं. मला वडिलांची आठवण झाली आणि मी चिडलो. मी म्हटलं, नाही! फुग्यात आहे! फुग्याला तीच तेलाची भिंत आहे. ओसरीवर आलेला माणूस स्वयंपाकघरात आला असं होतं का?

"नाई होत," म्होरक्या म्हणाला. "पुढे."

मग पेशी त्या फुग्यात आंबट सोडते, आत आलेलं सगळं पचवून टाकायला. आणि इथेच फसते. आंबट लागलं की धरणाऱ्या भावाचं रूप पालटतं. त्याचं तेलकट अंग, जे इतका वेळ आत लपवलेलं असतं, ते बाहेर येतं आणि तो सरळ तेलाच्या भिंतीत घुसून वाट करतो. त्या वाटेनं मारणारा पलीकडे जातो. वाट इतकी अरुंद की त्याला, आमचा तेव्हा अंदाज होता, घड्या मोडून लांबलचक व्हावं लागतं आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा आपल्या घडीत बसावं लागतं.

म्होरक्यानं डोक्यावरचा फेटा चाचपला. मग म्होरक्या म्हणाला, "म्हंजे फेटा सोडाचा, वाटेतून फेटा वढाचा, अन् पल्ल्याड जाऊन पुना बांधाचा."

मी खाटेवरून उठून उभा राहिलो. तीन वर्षांत माझ्या मार्गदर्शकांनासुद्धा हे इतक्या लवकर समजलं नव्हतं.

"मारनारा म्या बनतो," म्होरक्या म्हणाला. तालमीत त्यानं मला दोनच गोष्टी विचारल्या: आत गेल्यावर तो नेमकं काय करतो, आणि लेकराला ते कळतं काय. पहिल्याचं उत्तर मला येत होतं. पेशीत सारखी माळ ओवण्याचं काम चाललेलं असतं, त्या माळांवर पेशी जगते. मारणारा जातो आणि ओवणाऱ्याच्या हाताला एक ओझं बांधून ठेवतो. हात उचलेना, माळ थांबते. असा एक जरी मारणारा आत पोचला तरी एका पेशीचं घर बसतं. दुसऱ्या प्रश्नाला मी म्हटलं, माहीत नाही. तो मान हलवून फेटा बांधायला लागला.

आता भिंत. पेशीच्या भिंतीतला प्रत्येक कण म्हणजे एक डोकं आणि दोन शेपट्या. डोकी पाण्याकडे, शेपट्या आतल्या बाजूला, आणि असे दोन थर शेपट्यांना शेपट्या लावून. मी खळ्यावर बसलेल्या माणसांकडे पाहिलं. एक डोकं, दोन पाय. एवढी तयार सामग्री नागपूरच्या प्रयोगशाळेत नव्हती. मी वीस जणांना दोन रांगांत उताणं झोपवलं, डोकी बाहेर, पाय मध्ये, तळव्याला तळवा.

आणि भिंत नमस्कार करायला लागली.

आपल्याकडे कोणाला पाय लागला की हात आपोआप जातो, त्याला स्पर्श करून कपाळाला लागतो. वीस माणसं, चाळीस पाय. एकाचा पाय हलला की समोरचा उठून बसायचा, नमस्कार करायचा, त्या उठण्यानं शेजाऱ्याला पाय लागायचा, तो उठायचा. पाच मिनिटं नुसती उठबस. मी ओरडलो, "शेपट्यांना मान नसतो! नमस्कार करायचा नाही!" त्यांनी मान डोलावली, झोपले, आणि पुन्हा पाय लागताच पुन्हा सगळे उठले. खोटं कशाला बोलू, खरी भिंतही अशीच सारखी हलत असते, जागा बदलत असते. पण ते मी त्यांना सांगितलं नाही, नाहीतर ते उठून हिंडले असते.

दुसऱ्या दिवशी याहून कठीण प्रसंग आला. एक दांडगा शेतकरी भिंतीतून ताडकन उठला आणि कान धरून उभा राहिला. त्याचा पाय समोरच्या पोरसवदा माणसाला लागला होता आणि तो त्याचा भाचा निघाला. आमच्या भागात मामानं भाच्याच्या पाया पडायचं असतं. मामाचा पाय भाच्याला लागणं म्हणजे घोर पाप. तो म्हणाला, "असं पाप घेऊन म्या कोनत्या तोंडानं बहिनीच्या घरी जाऊ?" मग कळलं की त्या भिंतीत मामा-भाच्यांच्या तीन जोड्या आहेत, शिवाय एक जावई. मी वहीत पेशीच्या भिंतीची आकृती काढली आणि प्रत्येक कणाखाली नातं लिहिलं. चुलत्यासमोर पुतण्या चालेल. साडूसमोर साडू चालेल. व्याह्यासमोर व्याही नको, दोघं भांडतात. एवढं करून मामा-भाच्याची एक जोडी समोरासमोर उरलीच. त्या दोघांनी मध्ये हातभर जागा सोडली आणि ती कितीही दामटलं तरी बुजवली नाही. धरणारा भाऊ, गावातला एक आडदांड सुतार, प्रत्येक तालमीत बरोबर तिथूनच घुसायचा. मी म्हणायचो, विषाला अशी तयार फट मिळत नाही, स्वतः वाट करावी लागते. तो म्हणायचा, "गावातल्या विषाले मिळते ना, भाऊ."

लशीचा भाग म्होरक्यानं बसवला. लस म्हणजे विषच, पण दात पाडलेलं, इतकंच मी म्हटलं होतं. तो एका खरोखर बोळक्या म्हाताऱ्याला घेऊन आला, त्याला अगदी स्वतःसारखा फेटा आणि अंगरखा चढवला आणि म्हणाला, "हे घ्या लस." हा म्हातारा तीनदा यायचा. पहिल्यांदा अंगातले पहारेकरी गोंधळतात, धावाधाव करतात, अंग तापतं. दुसऱ्यांदा लवकर ओळखतात. तिसऱ्यांदा तो दिसण्याआधीच उभे. मग खरं विष आलं की पहारेकरी टोकाला दोन फाटे असलेल्या दुबेळक्या काठ्यांनी धरणाऱ्याचे हात दाबून धरतात. कडीच धरता येत नाही, मग आत जाणार कुठून?

मंडईच्या दिवशी मैदान फुललं होतं. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. ताईनं मला नजरेनंच दाखवलं: तिसऱ्या ओळीत, हिरवं लुगडं, पदर नाकापर्यंत, मांडीवर लेकरू. मी उसाच्या ढिगावर चढून बसलो.

सुरुवातीलाच घोळ झाला. कडीचं काम करणाऱ्यानं विष दारात येताच सवयीनं त्यांना पाय धुवायला पाणी दिलं, पान दिलं, "पाहुने, वाटेत तरास त नाई झाला?" म्हणून विचारलं. लोक खो खो हसले. मग फुगा आला, म्हणजे चादर. मग अंबाडीचं आंबट पाणी घागरीनं धरणाऱ्याच्या डोक्यावर ओतलं. सुतार असा थरथरला, डोळे फिरवले, अंगरखा फाडून तेल चोपडलेलं अंग दाखवलं, की बायांच्या बाजूनं किंचाळ्या आल्या. तो मामा-भाच्याच्या मधून घुसला, हातापायांवर कमान करून उभा राहिला आणि त्या कमानीखालून म्होरक्या निघाला. फेटा सोडला. पंधरा हात लांब लाल फेटा कमानीतून सळसळत पलीकडे गेला, मागून तो पोटावर सरपटत, इकडेतिकडे बघत, भिंतीतल्या एकाच्या पायाला गुदगुल्या करत. पलीकडे उभं राहून त्यानं दोन गिरक्यांत फेटा पुन्हा बांधला. शिट्ट्या, टाळ्या! माळ ओवणाऱ्याच्या हाताला त्यानं वरवंटा बांधला, माळ थांबली, घर बसलं, आणि लोक हसून हसून एकमेकांवर पडत होते. कोणाला भीती वाटेना. मला घाम फुटला.

मग लशीचा प्रवेश झाला. बोळका म्हातारा तीनदा आला. पहारेकरी तयार झाले, खरं विष आलं, त्यांनी सुताराला काठ्यांनी दाबलं. आणि मैदानातून आरडाओरडा सुरू झाला, "सोडा त्याले! येऊ द्या आत! फेटा पाहाचा आहे!" पहारेकऱ्यांपैकी एक लाजला. दुसऱ्यानं काठी ढिली केली. मला राहवेना. मी ढिगावरून उडी मारून थेट मैदानात गेलो आणि ओरडलो, "चूक! साफ चूक! एकदा धरलं की सोडत नाहीत!" लोकांना वाटलं हेही सोंगच. माझ्या अंगावर शिंगाड्याची सालं पडली. पहारेकऱ्यांनी काठ्या खाली टाकल्या आणि म्होरक्या दुसऱ्यांदा फेटा सोडून आत शिरला.

पण या वेळी त्यानं पलीकडे गेल्यावर फेटा बांधला नाही. तो तसाच मागे लोळत राहिला. तोंडाला काजळ, कपाळाला शेंदूर, उघडं डोकं. तो माळ ओवणाऱ्याकडे गेला नाही. बायांच्या बाजूला गेला, तिसऱ्या ओळीसमोर उभा राहिला. हिरव्या लुगड्यातल्या पोरीनं मान आणखी खाली घातली.

"म्या कोनाचा सासरा नाई," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण मागच्या ओळीपर्यंत पोचला. "म्या विष आहो. विषाले रीत नसते, म्हनून बोलतो. मागच्या हिवाळ्यात म्या तुह्या घरी आलतो. कोनी अडवलं नाई मले. पोरीच्या गळ्यात बसलो. तुहा सासरा तवा दारात उभा होता. त्यानं बैलबंडी जुतली, लामत्याले नेली, पन म्या आतमंदी पोचलो होतो. आत पोचल्यावर मले कोनाचा बाप काढू शकत नाई."

मातीत झोपलेली भिंतसुद्धा मान वर करून पाहत होती.

"लेकराले बुखार आला, तुह्या काळजाले घोर लागला. पन तो बुखार माहा नव्हता. ते पहारेकरी उठले होते. म्या त्याहिले भेतो. पन एकडाव उठले न् झोपले, त मले काही भेव नाई. दुसऱ्या सुईले लेकरू नको नेऊ, पोरी. नेलं त माहा रस्ता बंद होते. तुहा सासरा तुले हे सांगू शकत नाई. म्हनून म्या सांगून राह्यलो."

तो वळला आणि चालता झाला. लाल फेटा मातीतून त्याच्यामागे फरफटत गेला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कारण यातलं काही मी लिहून दिलं नव्हतं. थोड्या वेळानं मामा-भाच्यांनी उठून एकमेकांना नमस्कार केला आणि दंडार संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या केंद्रावर मी बर्फाचा डबा धरून बसलो होतो. गावातल्या दोनचार बाया आल्या, पण ती येईना. नऊ वाजले, दहा वाजले. ताई माझ्याशी विनाकारण भांडली. म्होरक्या कधीचा बाहेर भिंतीला टेकून उभा होता, तोंड धुतलेलं, फेटा नीट बांधलेला. आत यायचं नाव घेत नव्हता.

ती आली तेव्हा साडेदहा झाले असतील. सासऱ्याला ओलांडून जाताना तिनं पदर पुढे ओढला आणि तोंड फिरवलं, त्यानंही फिरवलं. आत आली, लेकरू ताईच्या पुढ्यात धरलं आणि सुई टोचताना स्वतःच डोळे मिटून घेतले. लेकरानं टाहो फोडला. ते थोडं शांत झाल्यावर ती ताईला म्हणाली, पण इतक्या मोठ्यानं की मला कळलं हे ताईसाठी नाही:

"बाई, त्या विषाले सांगजा, दुसरी झाली. तिसरीलेही आनीन. पन बुखार आला त म्या एकटी नाई जागनार. लेकराले खांद्यावर घेऊन अंगनात फिराले त्यानं याचं."

ताई सुई खाली ठेवून माझ्याकडे पाहायला लागली. मी दाराकडे पाहत होतो.

"हौ, पोरी," बाहेरून म्हातारा म्हणाला. "येतो."

तिचा पदर तसाच राहिला. तिनं लेकराचं झबलं सारखं केलं आणि ताईकडून तापाची गोळी मागून घेतली.